यानागिबाता आळीचं म्हणणं

कंपनीची भेट घरात घेतली गेली तेव्हा चिझुरु घरात नव्हती, हे ती पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत असे. कुणी विचारलेलं नसे. पण पाव घेताना, दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडण्याआधी, बागेत झोक्यापाशी उभ्या असलेल्या अनोळखी आयांजवळ, ती कसंही करून विषय तिथे आणून सोडायची. ती नव्हती. ती किप्पेईला बालवाडीतून आणायला गेली होती. ती असती तर भेट दारातूनच परत गेली असती, असं ती म्हणायची आणि म्हणताना नजर खाली वळवायची, कारण आजवर तिने दारातून काहीही परत पाठवलेलं नव्हतं. त्यांच्या एवढ्याशा घरात व्हॅक्यूम क्लीनर दोन होते, ते त्यामुळेच.

परत आली तेव्हा तिच्या सासूबाई, फुमिएबाई, लाँड्रीच्या काउंटरमागे प्रसन्न मुद्रेने उभ्या होत्या.

"कोण आलं होतं, आई?"

"काँक्रीटवाले. फार रीतीची माणसं. तीनदा वाकले, आणि जाताना दारात परत एकदा."

आळीच्या टोकाला, नदीलगतच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत रेडीमिक्स काँक्रीटचा कारखाना येणार अशी कुणकुण होतीच. आता ती टॉवेल आणि मिठाईच्या खोक्याच्या रूपाने दुकानोदुकानी फिरली होती. पहिली कुदळ पडण्याआधी शेजाऱ्यांकडे जायचं, वाकायचं, हातात काहीतरी ठेवायचं आणि 'आमचा त्रास होईल, सांभाळून घ्या' म्हणायचं, ही रीत कुणी मोडत नाही. आणि एकदा हातात घेतलं की सांभाळून घ्यायचं, हीही.

चिझुरुला कारखान्याचं वावडं नव्हतं. काँक्रीट कुठेतरी तयार व्हायलाच हवं, एवढं तिलाही कळत होतं. तिचा प्रश्न किप्पेई होता. कारखान्याचे मिक्सर-ट्रक हमरस्त्याला लागायचे तर आळीतूनच जाणार, आणि आळीला फुटपाथ नाही. दुकानाच्या पायरीवरून उतरलं की रस्ता. ऐन वळणावर बालवाडी. चार वर्षांचा किप्पेई एरवी सगळ्या जगाला घाबरायचा, कोंबडीला, शिट्टीला, न्हाव्याच्या खुर्चीला. पण पोट गरगर फिरवत जाणारा मिक्सर दिसला की आईचा हात झटकून थेट त्याच्याकडे धावायचा, बऱ्याच दिवसांनी मामा दिसावा तसा. गेल्या हिवाळ्यात हमरस्त्यावर तिने त्याला कॉलर धरून मागे खेचला होता. त्या चाकांचा वारा अजून तिच्या गालाला लागत असे.

कारखान्याबद्दल स्पष्ट मत असलेला आळीतला एकमेव इसम म्हणजे किप्पेई. तो पूर्णपणे बाजूने होता.

"खोका कुठे आहे? आत्ताच्या आत्ता परत देऊन येते," चिझुरु म्हणाली.

"ह्यांच्यापुढे ठेवलाय."

'हे' म्हणजे सासरे, जे आतल्या देव्हाऱ्यात फोटोच्या रूपाने राहत. घरात आलेली मिठाई आधी त्यांच्यापुढे ठेवायची आणि घंटा वाजवायची. घंटा वाजली की मिठाई त्यांची. गेलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून काँक्रीट कंपनीला नेऊन द्यायचा, हे चिझुरुच्या शिक्षणालाही पेलेना. राहता राहिला टॉवेल. त्यावर निळा मिक्सर छापलेला होता आणि तो एव्हाना किप्पेईच्या गळ्यात होता. किप्पेईने त्याला नाक पुसून मालकी हक्क नोंदवला होता.

चिझुरु नवऱ्याकडे गेली. ताकुमा मागच्या खोलीत इस्त्रीच्या यंत्राशी वाफेत उभा होता. तिने सगळं सविस्तर सांगितलं. वाफेतून 'हं' असा आवाज आला. तो होकार, की नकार, की यंत्राचाच, हे तिला लग्नापासून ओळखता आलेलं नव्हतं.

आता चिझुरुने क्योतोच्या कॉलेजात लोकरीती हा विषय घेऊन पदवी मिळवली होती. ह्या पदवीचा लाँड्रीत शर्टांच्या कॉलरी तपासताना आजवर काही उपयोग झालेला नव्हता. तो व्हायची वेळ आली असं तिला वाटलं. पुस्तकातली गोष्ट सरळ होती. भेट आली की तिच्या निम्म्या मोलाचं काहीतरी परत पाठवायचं. निम्मं पाठवलं की संबंध राहतो, गोडी राहते. पण पुरतं पाठवलं तर फिटंफाट. तुमचं तुम्हाला पोचलं, आमचं तोंड मोकळं. आणि तोंड मोकळं असल्याशिवाय विरोध कसा करणार?

सासूबाईंनी खोका तळहातावर तोलून त्याचं मोल सांगितलं. ह्या बाबतीत त्यांचा हात वजनकाट्याहून खरा आहे. चिझुरुने बरोबर तेवढ्याच मोलाचा उत्तम चहा निवडला. दुकानातल्या मुलीने विचारलं, खोक्यावर दोरी कुठल्या गाठीची बांधू. गाठी दोन. एक फुलपाखरासारखी, ओढली की सुटणारी. ती बाळ झालं, दुकान उघडलं, अशा पुन्हा पुन्हा याव्यात अशा प्रसंगांची. दुसरी ओढाल तितकी घट्ट बसणारी. ती आयुष्यात एकदाच व्हाव्यात अशा गोष्टींची.

"न सुटणारी," चिझुरु म्हणाली. "हे पुन्हा म्हणून होता कामा नये."

मुलीने तिच्याकडे आदराने पाहिलं आणि सोन्या-चांदीची दहापदरी दोरी काढली.

खोका घेऊन चिझुरु तडक वखारीतल्या पत्र्याच्या कचेरीत गेली. तिथे कंपनीचे शेजारसंबंध अधिकारी ओकुदाइरा बसले होते. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा, वाकून वाकून पाठीला कायमचा बाक आलेला माणूस. त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेतला, गाठीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"इतकं?" ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

घाव वर्मी लागला, असं चिझुरुला वाटलं. तिला त्या माणसाची थोडी दयाही आली. ती ताठ मानेने घरी आली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी हातातला शर्ट खाली ठेवला.

"सोन्या-चांदीची? न सुटणारी?"

"हो."

"ती लग्नाची गं."

"आजारातून उठल्यावरही तीच गाठ बांधतात. पुस्तकात आहे तसं."

"गाठ तीच. पण सोन्या-चांदीची दोरी नाही." सासूबाईंनी शर्ट परत उचलला. "असू दे. काँक्रीट टिकतं म्हणतात."

इथेच हे थांबलं असतं. पण आळीच्या तोंडाशी इसोबेंचं केशकर्तनालय आहे. इसोबे आळीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या समोरच्या भिंतीवर भलामोठा आरसा आहे, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्याव्यतिरिक्त सगळी आळी त्यात त्यांना दिसते. त्यांनी चिझुरुला खोका घेऊन जाताना पाहिलं, हात रिकामे घेऊन येताना पाहिलं, आणि दोरीचा रंगही टिपला. संध्याकाळी तोफूवाल्या नामेकावाकाकू लाँड्रीच्या दारात हजर.

"तू परतभेट पोचवून आलीस, आणि आम्हाला एका शब्दाने बोलली नाहीस. आम्ही आपल्या तशाच बसलेल्या. उद्या आळीत आमचं तोंड काय राहील?"

"काकू, ती परतभेट नव्हती. नकार होता."

"मग आमचाही नकारच आहे की. गाठ कुठली बांधलीस म्हणालीस?"

दोन दिवसांत आख्ख्या आळीने नकार कळवला. तोफूवाल्यांनी, नूडलवाल्याने, सायकल दुरुस्तीवाल्याने, ज्यांच्यापर्यंत दुसऱ्या टोकाला कारखान्याचा आवाजही जाणार नव्हता त्या चष्मेवाल्यांनीसुद्धा. सगळ्यांनी पुरत्या मोलाचा, सगळ्यांनी सोन्या-चांदीच्या दोरीचा. शेजारच्यापेक्षा कमी गाठ कोण बांधणार? पत्र्याच्या कचेरीत खोक्यांची रास लागली. नव्या नवरीच्या घरी लागत नाही तशी.

आता कंपनी गप्प बसली तर तिची अब्रू गेली असती. ओकुदाइरा संत्र्यांच्या पेट्या घेऊन परत फिरले. आळीला संत्र्यांची परतफेड करावी लागली. नामेकावाकाकूंनी बादलीभर तोफू पाठवला. ओकुदाइरांनी बादली रिकामी परत करायची नाही म्हणून तीत मासे घालून पाठवले. इसोबेंकडे देण्यासारखा माल नव्हता, तेव्हा त्यांनी ओकुदाइरांचे केस कापून दिले. त्याबद्दल सॉसची बाटली आली म्हणून परत कापले. मग बिस्किटं आली म्हणून परत. तिसऱ्या खेपेला कापायला काही उरलेलं नव्हतं, तरी इसोबेंनी कात्री हवेत नीट चालवली. ओकुदाइरांचं डोकं दिवसेंदिवस लहान दिसू लागलं आणि पाठीचा बाक वाढला. चिझुरुच्या घरात संत्री जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवायची वेळ आली. किप्पेईला मिक्सरचा दुसरा टॉवेल मिळाला.

चिझुरु नगरपालिकेत गेली. पर्यावरणाच्या खिडकीवर एक तरुण, अतिशय नम्र कारकून होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की, बाई आई म्हणून बोलताहेत की धंदा म्हणून.

"फरक काय पडतो?"

"आईचं असेल तर ते 'भावना' ह्या सदरात जातं. शेजारच्या धंद्यांचं असेल तर ते 'मत'. मताची दखल घेता येते."

चिझुरुने सांगितलं की, धंद्यांचं मतही हेच आहे. कारखान्याचं नाव काढलं की आळीतला प्रत्येक जण मान तिरकी करतो आणि दातांतून हवा आत ओढतो. ह्याहून स्पष्ट नकार कुठला?

कारकुनाने स्वतःच दातांतून हवा ओढली. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "ते कळतं हो. पण नोंदवता येत नाही. कुणीतरी शब्दांत म्हणायला हवं. पुढच्या आठवड्यात कंपनीची माहितीसभा आहे, तिथे कुणी म्हटलं तर मी लिहून घेईन." आणि जरा थांबून, "कंपनीकडून आम्हाला वेगळंच कळलंय. यानागिबाताशी फार घट्ट संबंध जुळलेत म्हणे. पुढाकार लाँड्रीने घेतला."

परतीच्या वाटेवर चिझुरुचे कान लाल झाले होते. ती थेट आळीत शिरली आणि शब्द गोळा करायला लागली.

हे काम संत्री संपवण्याहून कठीण निघालं. नामेकावाकाकूंना धुळीची धास्ती होती. तोफू पांढरा, त्यावर काय लपणार? पण दुपारी कामगार जेवायला येतील, ह्याचा त्यांना सकाळपासून आनंदही होत होता. सायकलवाल्याला वाटत होतं की मिक्सरमुळे सायकली चालवणं बंद होईल. मग त्याला वाटलं की सांडलेल्या खडीने चाकं पंक्चर होतील, आणि तो विचारात पडला. लाँड्रीचंही काही वेगळं नव्हतं. सासूबाई बाहेर टांगलेल्या शर्टांकडे, मग वखारीकडे, मग परत शर्टांकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "मळतील." त्यांच्या आवाजात काळजी किती आणि आशा किती, हे चिझुरुने विचारायचं टाळलं. थोडक्यात, आळीतल्या प्रत्येक धंद्याला कारखाना नको होता आणि थोडासा हवा होता, आणि दोन्ही गोष्टी दुसऱ्या कुणीतरी आधी बोलाव्यात अशी प्रत्येकाची इच्छा होती. शब्दांत जे हाती आलं ते एवढंच, की अवघड आहे थोडं. बघू या. तुझं खरंच आहे गं.

इसोबेंवर तिची भिस्त होती. ते अध्यक्ष, त्यांनी सभेत बोलावं. इसोबेंनी वस्तरा पुसत पुसत ऐकून घेतलं.

"पटतं मला सगळं," ते म्हणाले. "पण पोरी, त्या माणसाच्या मानेवर मी काल वस्तरा फिरवलाय. एकदा कुणी आपल्यापुढे मान दिली की त्याच्याविरुद्ध उभं राहणं बरं दिसत नाही."

"आणि उद्या किप्पेई चाकाखाली आला तर ते बरं दिसेल?"

इसोबेंनी आरशात पाहिलं. आरशात बालवाडीचं वळण दिसत होतं. त्यांनी मान तिरकी केली आणि दातांतून लांबलचक हवा ओढली.

माहितीसभा आळीच्या सभागृहात झाली. सगळे बूट काढून चटयांवर गुडघे मुडपून बसले, चहा फिरला, चहाबरोबर आळीनेच कंपनीला दिलेली बिस्किटं फिरली. कारकून कोपऱ्यात पेन घेऊन बसला होता. ओकुदाइरांनी आधी धूळ किती उडणार नाही ते सांगितलं, मग आवाज किती होणार नाही ते. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. पत्र्याची कचेरी, तिच्यात छतापर्यंत खोके, प्रत्येकावर सोन्या-चांदीची गाठ.

"शेजारच्या धंद्यांचं म्हणणं काय, असं वरिष्ठांनी मला विचारलं," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "मी हा फोटो पाठवला. इतकी वर्षं ह्या कामात आहे, पण कुठल्या आळीने कंपनीशी जन्माची गाठ बांधलेली मी पाहिली नाही. आणि हे," त्यांनी चिझुरुच्या मांडीवरच्या किप्पेईकडे हात केला, जो गळ्यात एक आणि डोक्याला एक असे दोन टॉवेल बांधून बसला होता, "हे आमचे सर्वांत लहान पाठीराखे."

आळीने टाळ्या वाजवल्या. नामेकावाकाकूंना गहिवरून आलं. चिझुरुने इसोबेंकडे पाहिलं. इसोबे चटईच्या काठाची वीण तपासत होते.

"कुणाचं काही म्हणणं असल्यास," ओकुदाइरा म्हणाले.

सभागृहात शांतता पसरली. ही शांतता थोडा वेळ राहते आणि मग सगळे घरी जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारकुनाने पेनाला टोपण लावायला घेतलं. ते टोपण अर्ध्यावर असताना चिझुरु उठली.

म्हणजे उठायला गेली. इतका वेळ गुडघे मुडपून, वर किप्पेईला मांडीवर घेऊन बसल्यामुळे तिच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. कमरेखाली आपल्याला काही आहे की नाही, ह्याचा पत्ता लागेना. किप्पेई बाजूला घरंगळला, ती अर्धी उभी राहिली आणि तशीच पुढे दोन्ही हातांवर आली. ओकुदाइरांना वाटलं ती वाकतेय. ते ताबडतोब तिच्याहून खाली वाकले. अशा रीतीने यानागिबाता आळीतला पहिला उघड नकार ओणव्याने दिला गेला, आणि तो ओणव्यानेच ऐकला गेला.

"मिक्सर बालवाडीवरून जायला नकोत," चिझुरु चटईकडे बघत म्हणाली. "मला नकोत. हा हात सोडून पळतो. मी त्याला रोज धरते. घट्ट धरते. पण मी माणूस आहे, एखाद्या दिवशी माझ्या हातात पिशवी असेल. एखाद्या दिवशी शिंक येईल. मग काय करायचं मी? तुमचं सगळं गोड आहे हो. पण मला नकोत."

कुणी हवा ओढली नाही. मागच्या रांगेतून, वाफ नसतानाही, 'हं' असा आवाज आला. ताकुमाचा होता, आणि ह्या खेपेला चिझुरुला तो बरोबर ओळखता आला.

ओकुदाइरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला राग म्हणता येत नव्हतं. बऱ्याच दिवसांच्या पोटदुखीनंतर माणसाला मोकळं वाटतं, त्या जातीचं ते काहीतरी होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुम्हाला आमच्याकडून काहीतरी हवंय?"

"हो."

"बाई, घरी आमच्या कपाटात आता चहा मावत नाही. बायको म्हणते, ह्या लोकांचं फेडणार कशाने आपण. मला रात्रीची झोप नाही." त्यांनी रुमालाने आपलं उरलंसुरलं डोकं पुसलं. "बांधावरून रस्ता आहे. लांब पडतो, पण आहे. सगळे मिक्सर तिकडून नेऊ. आळीत एकही शिरणार नाही. चालेल ना? एवढ्याने फिटेल ना?"

"फिटेल," चिझुरु म्हणाली आणि बाजूला कलंडली, कारण पायांत आता जीव येऊ लागला होता, आणि तो येतो तेव्हा काय होतं हे ज्याचं त्याला माहीत.

तेवढ्यात इसोबे उठून उभे राहिले. न्हाव्याचे पाय, त्यांना मुंग्या येत नाहीत. "आमचं सगळ्यांचं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं," ते खणखणीत आवाजात म्हणाले. आळीने माना डोलावल्या. कारकुनाने टोपण काढलं आणि आनंदाने लिहून घेतलं की, शेजारच्या धंद्यांचं मत एकमुखी असून ते अध्यक्ष श्री. इसोबे यांनी मांडलं. चिझुरुचा उल्लेख, तिने नंतर मुद्दाम जाऊन पाहिला, 'उपस्थितांपैकी एका महिलेला चक्कर आली' असा होता.

हे तिला लागलं. चार दिवस तिने इसोबेंच्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवली, म्हणजे आरशात तिचा फक्त अंबाडा दिसावा. पण किप्पेईचा हात धरून बालवाडीच्या वळणावरून जाताना तिची बोटं पहिल्यासारखी आवळलेली नसत. किप्पेईला मात्र मोठाच धक्का बसला होता. त्याने दोन्ही टॉवेल काढून टाकले आणि आईशी बोलणं कमी केलं.

पाचव्या दिवशी दुपारी लाँड्रीचं दार वाजलं. बाहेर पाणी आणि बर्फ एकत्र कोसळत होतं. दारात तिघं जण छत्र्या मिटत उभे होते. एक जाडजूड तांदूळवाले, एक हमामखान्याच्या म्हाताऱ्या बाई, आणि त्यांच्या मागे चिझुरुच्याच वयाची एक बाई, पाठीशी मूल बांधलेली. बांधावरच्या आळीतून आलो, सहजच, असं तांदूळवाले म्हणाले. तिघं एकदम वाकली. तरुण बाईने दोन्ही हातांनी कागदात गुंडाळलेला एक खोका पुढे केला.

काउंटरमागे सासूबाई हात पुसायला लागल्या. चिझुरु मध्ये येऊन उभी राहिली.

"हे मी घेणार नाही," ती म्हणाली. "घेतलं की तुमचं तोंड बांधलं जाईल, आणि माझंही. जे म्हणायचंय ते म्हणा. मी ऐकते."

तांदूळवाल्यांनी टांगलेल्या शर्टांकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाईंनी तांदूळवाल्यांकडे पाहिलं. तरुण बाईने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाठीवरच्या पोराने छत्रीतून गळणाऱ्या पाण्याकडे हात लांबवला.

"आज हवा किती छान पडलीय," ती म्हणाली.

चिझुरुने तिच्याकडे पाहिलं. मग बाकावरचा शर्टांचा ढीग उचलून जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पाय मोकळे सोडून बसा. आणि मला सांगा, तुमच्याकडची मुलं बांधावरून कधी जातात, कधी येतात, आणि त्यातलं हात सोडून पळणारं कुठलं."